नदीकाठचे जुने फोटो कुलपात कशासाठी?

तारीख २४ सप्टेंबर १८४८, वार रविवार. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या दक्षिण काठावर, न्यूपोर्ट गावातल्या एका छपरावर चार्ल्स फॉन्टेन आणि विल्यम पोर्टर हे दोन छायाचित्रकार कॅमेरा रोखून उभे होते. नदीपलीकडे सिनसिनाटी शहर पसरलेलं. कॅमेरा जरा जरा फिरवत त्यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या आठ पत्र्यांवर समोरचा जवळपास दोन मैलांचा काठ उतरवून घेतला. धक्क्याला लागलेल्या वाफेच्या बोटी, त्यांच्यामागे गोदामं, दुकानांच्या पाट्या, घरांच्या खिडक्या आणि सगळ्यांच्या मागे टेकड्या. दीडशेहून जास्त वर्षांनी हे पत्रे जतनाच्या कामासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले गेले, तेव्हा एका चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दिसलं. पत्र्यावर त्या घड्याळाची तबकडी जेमतेम एक मिलिमीटरची. तरीही वेळ वाचता आली: दुपारचे एक पंचावन्न.

पत्र्यांवर तारीख लिहिलेली नव्हती, ती अभ्यासकांनी शोधून काढली. बोटींवरची नावं वाचली, कुठली बोट कधी धक्क्याला होती याच्या नोंदी काढल्या, त्या दिवसांत नदीचं पाणी किती चढलेलं होतं ते ताडून पाहिलं आणि सगळ्याशी जुळेल असा दिवस गाठला. म्हणजे फोटो एकटा बोलला नाही. बंदराची वही बोलली, पाण्याच्या पातळीची नोंद बोलली, आणि या सगळ्या वस्तू कुणीतरी जपून ठेवल्या होत्या, मागितल्यावर दाखवल्या होत्या, म्हणून बोलल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. नदीकाठच्या शहराचा जुना फोटो ही दिवाणखान्यात लावायची शोभेची वस्तू नाही. तो जमीन मोजणीच्या नकाशासारखा सार्वजनिक दस्तऐवज आहे. जो फोटो नगरपालिकेच्या, ग्रंथालयाच्या, संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि ज्याच्यावरच्या हक्कांची मुदत संपली आहे, तो पूर्ण तपशिलासह, विनाशुल्क, वर शिक्का न मारता सगळ्यांना मिळाला पाहिजे. आणि त्याखाली प्रामाणिक फोटोओळ पाहिजे: कुणी काढला, कधी, कुणाच्या पैशाने, कशासाठी, कुठे उभं राहून. फोटो खुला केला आणि ओळ अर्धवट ठेवली तर काम निम्मंच होतं, हेही मला तितकंच ठामपणे म्हणायचं आहे.

एकदा एका संग्रहात मला एक काचेची निगेटिव्ह बघायला मिळाली. प्रकाशपेटीवर ठेवलेली, हाताच्या पंज्याएवढी. नदीच्या पायऱ्या आणि पाण्याशी वाकलेली एक बाई. निगेटिव्ह असल्यामुळे तिचे केस पांढरे, पाणी काळं. भिंग लावलं तर पायरीच्या कडेला दोरीने घासून घासून पडलेल्या खाचा दिसल्या. एकीशेजारी एक, तीन. होड्या कुठे बांधत असत हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, ते त्या खाचांनी सांगितलं. घरी येऊन तोच फोटो संस्थेच्या संकेतस्थळावर शोधला. तिथे तो काडेपेटीएवढा होता आणि संस्थेचं नाव नेमकं त्या पायऱ्यांवरून तिरकं छापलेलं होतं. मोठी प्रत हवी तर अर्ज, अर्जात प्रयोजन, मग शुल्क, मग वाट बघा. मी अर्ज केला. उत्तर आलं नाही. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही, कारण त्या खाचा कुणा एका संस्थेच्या नाहीत.

काडेपेटीएवढ्या फोटोत नदीकाठ सुंदरच दिसतो. तपशील गेला की घाण जाते, गर्दी जाते, पाट्यांवरची अक्षरं जातात, उरतं ते धुकट पाणी आणि शिडांच्या रेषा. समाजमाध्यमांवर रोज फिरणारे ‘जुने शहर’ छापाचे फोटो असेच असतात. दहा वेळा दाबून लहान केलेले, कडा कापलेले, साल चुकवलेले. लोक हळहळतात, ‘किती शांत होतं सगळं’ असं लिहितात. ती शांतता बहुतेक वेळा कॅमेऱ्याने तयार केलेली असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. १८५०च्या दशकापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं छायाचित्रकार ओल्या कलोडियनच्या काचा वापरत. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असेतोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, फोटो काढून धुऊनही घ्यायची. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, हमाल असं सगळं बिऱ्हाड नदीकाठी यायचं. भिंग उघडं ठेवायचं ते काही सेकंद, आणि अंधाऱ्या बोळात तर मिनिटाच्याही पुढे. एवढ्या वेळात वाहणारं पाणी दुधासारखं गुळगुळीत होतं. डुलणारी होडी भुतासारखी पुसट होते. चालणारा माणूस तर उमटतच नाही. जो थांबला, बसला, टेकला, तोच उरतो.

१८३८ मध्ये दागेर या छायाचित्रणाच्या आद्य फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या एका रस्त्याचं जे चित्र घेतलं त्यात हे पहिल्यांदा दिसलं. वर्दळीचा रस्ता, पण सगळा ओस. एका कोपऱ्यात फक्त बूट पुसून घेणारा एक माणूस स्थिर उभा राहिला म्हणून पत्र्यावर उमटला आणि त्याच्या पायाशी वाकलेला बूटपुश्या अर्धामुर्धा. बाकीचं शहर चालत होतं, म्हणून दिसलं नाही. आता हाच हिशेब नदीकाठाला लावा. ओझं वाहणारे हमाल, बोट ओढणारे, कपडे आपटणाऱ्या बाया, पाण्यात उड्या मारणारी पोरं, म्हणजे ज्यांच्या हालचालीवर काठ जगत होता ती सगळी माणसं पहिल्या तीस-चाळीस वर्षांच्या फोटोंतून गळतात. इमारती शिल्लक राहतात. मग तो फोटो बघून एखादा म्हणतो, इथे पूर्वी काही गर्दी नव्हती, ही माणसं नंतर आली. असा निष्कर्ष काढणं म्हणजे कॅमेऱ्याची मर्यादा माणसांच्या माथी मारणं आहे. १८७०च्या दशकाच्या शेवटी कोरड्या काचा बाजारात आल्या, पुढच्या दशकात हातात धरायचे कॅमेरे आले, आणि मग कुठे रस्ता आणि घाट खरोखर माणसांनी भरलेले दिसू लागले. गर्दी होतीच, ती टिपणारं तंत्र नंतर आलं. ही एवढी एक ओळ फोटोखाली असेल तर बघणाऱ्याची नजर बदलते.

कुणाच्या पैशाने हा प्रश्न त्याहून अवघड आहे. शार्ल मारव्हिल याला पॅरिस शहराने १८६२ मध्ये आपला अधिकृत छायाचित्रकार नेमलं. शहराचं जुनं पोट फाडून ओस्मान या प्रशासकाच्या योजनेतले रुंद रस्ते काढायचे चालले होते, आणि जे पडणार होतं ते पडण्याआधी टिपून ठेवायचं काम मारव्हिलकडे होतं. त्याने अशा गल्ल्यांचे सव्वाचारशेच्या आसपास फोटो काढले. ओले दगड, मधोमध वाहणारी गटारं, भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती. फोटो अप्रतिम आहेत. पण पाडणाऱ्याने पाडण्याआधी काढवून घेतलेले आहेत, हे विसरून ते बघता येत नाहीत. ग्लासगोत क्लाइड नदीकाठच्या जुन्या वस्तीतही तेच घडलं. १८६६च्या कायद्याने तिथे सुधारणा मंडळ स्थापन झालं, कोंदट वस्त्या पाडायच्या ठरल्या, आणि १८६८ ते १८७१ या काळात थॉमस अ‍ॅननने त्या वस्तीतले बोळ टिपले. दोन उंच भिंतींमधली हातभर वाट, वर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात उभी काही पोरं. आज ते फोटो कलेच्या पुस्तकांत येतात. त्या वेळी ते पाडकामाच्या कागदपत्रांचा भाग होते.

म्हणून ते खोटे ठरतात असं मुळीच नाही. ते बोळ खरोखरच राहण्यालायक नव्हते. मुद्दा हा की फोटो काढणाऱ्याला कुठे उभं राहा, काय दाखव हे कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते फोटोओळीत यायला हवं. सिनसिनाटीच्या त्या आठ पत्र्यांचंच बघा. कॅमेरा जिथे होता ते न्यूपोर्ट गाव केंटकी राज्यात, आणि केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. समोरचा काठ ओहायो राज्याचा, जिथे ती नव्हती. मधली नदी म्हणजे गुलामी आणि सुटका यांच्यामधली हद्द. रात्रीच्या अंधारात जीव मुठीत धरून ती ओलांडणारी माणसं त्या वर्षीही असणारच. चित्रात नदी आरशासारखी शांत दिसते. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि हजारो माणसं गेली. हा रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा मान्य झालेलं नव्हतं. ‘ओहायो नदीचं विहंगम दृश्य, १८४८’ एवढीच ओळ लिहिली तर चुकीचं काही होत नाही, पण कॅमेरा गुलामीच्या काठावर उभा होता हे त्यात कुठे येतं?

ओळ चुकीची असली तर काय होतं याचं उदाहरण भारतातच आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात भारतातल्या जाती-जमातींचे फोटो आठ खंडांत छापले. त्यातल्या मजकुरात अख्ख्या समाजांना लबाड, चोर, आळशी ठरवलेलं आढळतं. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे नुसता बघतोय, आणि खालचा मजकूर त्याच्यावर निकाल देतोय. असा मजकूर पुसून टाकू नये, कारण तोही पुरावा आहे. पण त्याच्याशेजारी आजची ओळ हवी, आणि जुनी कुठली, नवी कुठली हे स्वच्छ कळायला हवं.

आता हे सगळं आजच्या कुणाला कशासाठी हवं? जगभर नदीकाठच्या शहरांत आज काठ नव्याने रचले जात आहेत. कुठे भिंती बांधतात, कुठे पाडतात, कुठे झाकलेली नदी उघडी करतात. आणि प्रत्येक ठिकाणी योजनेच्या पहिल्या पानावर एक जुना फोटो असतो. ‘आम्ही नदीला तिचं पूर्वीचं रूप परत देत आहोत’ हे त्या फोटोच्या जोरावर सांगितलं जातं. फोटो कुठला निवडला, कडा कुठे कापली, बाकीचे शंभर कुठे आहेत, हे विचारायचा अधिकार नागरिकांना फक्त तेव्हा मिळतो जेव्हा ते शंभरही त्यांच्या हातात असतात.

पॅरिसमध्ये सीन नदीला मिळणारी बिएव्र नावाची छोटी नदी होती. तिच्या काठी कातडी कमावणारे आणि रंगारी राहत. मारव्हिलच्या फोटोत ती दोन बाजूंच्या कारखान्यांमधून नाल्यासारखी वाहताना दिसते, काठाला लाकडी मांडव, वाळत टांगलेली कातडी. घाण झाली म्हणून टप्प्याटप्प्याने ती झाकली गेली आणि १९१२ पर्यंत शहरातली बिएव्र जमिनीखाली गेली. पॅरिसच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत अलीकडे तिचे काही तुकडे पुन्हा उघडे केले आहेत. हिरवळ, झुडपं, नितळ पाणी. मला हे मनापासून आवडतं. पण शहराच्या फोटोतली बिएव्र अशी नव्हती. ती कामकऱ्यांची नदी होती, दुर्गंधीची होती, शेकडो कुटुंबांच्या पोटाची होती. जे परत आलं ते नवीन आहे आणि चांगलं आहे, त्याला ‘पूर्वीचं’ म्हणायची गरज नाही. ज्यांना नदी उघडी करायची आहे त्यांना खरे फोटो अडचणीचे वाटू नयेत. उलट, नदी झाकावी का लागली, पुन्हा झाकावी लागू नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर त्याच फोटोंत आहे.

सोलमधला छंग्येछन ओढा याहून बोलका. कोरियाच्या युद्धानंतर त्याच्या काठावर निर्वासितांच्या फळकुटांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १९५८ पासून ओढा झाकायला सुरुवात झाली, नंतर त्यावरून उंच महामार्ग गेला. २००३ मध्ये तो महामार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा ओढा पुन्हा खुला झाला, जरी त्यातलं बरंचसं पाणी पंपाने हान नदीतून आणावं लागतं. १९७०च्या दशकात नोमुरा मोतोयुकी नावाचे जपानी धर्मोपदेशक त्या झोपड्यांमध्ये मदतकार्य करत होते, आणि बरोबर कॅमेरा होता. मुलं, चुली, चिखल, पाण्यावर खांब रोवून उभारलेली घरं. पुढे त्यांनी ते फोटो सोल शहराला देऊन टाकले. देखण्या ओढ्याच्या काठी कुणाला उठवून ही जागा मोकळी झाली हे त्या फोटोंमुळे आज शहराला दिसतं. ते कुणाच्या घरातल्या पेटीत राहिले असते तर?

आणि कधी कधी जुना फोटो आपल्याला धीर देतो. सीन नदीत पोहायला १९२३ मध्ये बंदी आली. त्यानंतरच्या तीन पिढ्यांना वाटत राहिलं की शहरातल्या नदीत पोहणं ही कल्पनाच अचाट. पण काठावरून उड्या मारणाऱ्या पोरांचे, पाण्यात तरंगत्या स्नानगृहांचे फोटो होते. लोकांनी हे केलेलं आहे, इथेच, याच पुलाखाली, असं ते सांगत होते. जुलै २०२५ मध्ये नदीतल्या तीन जागा लोकांना पोहण्यासाठी खुल्या झाल्या. हे नुसत्या फोटोंनी झालं नाही, त्यामागे सांडपाण्यावर झालेला प्रचंड खर्च आहे. पण अशक्य वाटणारी गोष्ट एकेकाळी रोजची होती हे डोळ्यांनी दिसणं, याची ताकद मी कमी लेखणार नाही.

खुलं करण्याविरुद्ध जे सांगितलं जातं त्यातलं पहिलं पैशाचं. संस्था म्हणतात, प्रती विकून चार पैसे मिळतात, ते गेले तर जतनाचा खर्च कुठून काढायचा? अडचण खरी आहे, कारण ग्रंथालयं आणि संग्रहालयं श्रीमंत नसतात. पण प्रतिमाविक्रीची शुल्कं, अर्ज, परवाने, हिशेब हे सांभाळायलाही माणसं लागतात. अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या २००४च्या एका अभ्यासात खर्च वजा जाता या विक्रीतून लक्षणीय शिल्लक उरते असं एकाही संग्रहालयाने सांगितलं नव्हतं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने २०१२ पासून आपला संग्रह मोठ्या आकारात खुला करायला घेतला. त्यामागे एक कारण असंही होतं की दूध ओतणाऱ्या बाईच्या त्यांच्या प्रसिद्ध चित्राच्या पिवळट, वाईट प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयात विकत मिळणारं खरं रंगांचं कार्डच लोकांना चुकीचं वाटू लागलं. वाईट प्रत हटवता येत नाही, चांगली प्रत सोडून तिला मागे टाकावं लागतं. पॅरिसच्या नगर संग्रहालयांनी जानेवारी २०२० मध्ये एक लाखाहून जास्त प्रतिमा कुठल्याही अटीशिवाय खुल्या केल्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जानेवारी २००८ मध्ये सुमारे तीन हजार फोटो सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवून लोकांना माहिती भरायला सांगितली, आणि लोकांनी ठिकाणं ओळखली, तारखा सुधारल्या, चुका दाखवल्या. फोटोओळ पूर्ण करायला एवढे डोळे फुकट मिळत असताना संस्थेने एकटीने ओझं वाहण्यात काय अर्थ आहे?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. फोटोतल्या माणसांची परवानगी कुणी घेतली होती? पाण्यात स्नान करणारी बाई, काठावर अंत्यविधी करणारं कुटुंब, उपाशी म्हातारी. जॉन थॉमसनने १८७७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या गरिबांचे फोटो प्रसिद्ध केले. त्यात एका निवाऱ्याच्या पायरीवर, दुसऱ्या कुणाचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेली एक दमलेली म्हातारी आहे. तिला विचारलं असतं तर ती जगासमोर अशी यायला तयार झाली असती का, मला ठाऊक नाही, आणि तो फोटो बघताना दर वेळी हे मनात येतं. पण थॉमसन आणि त्याचा सहकारी लेखक नुसता फोटो देऊन थांबले नाहीत. त्यांनी त्या माणसांशी बोलून त्यांची कहाणी सोबत छापली. त्याच मालिकेत थेम्सच्या पुराने घर बुडालेल्या लॅम्बेथच्या माणसांचा फोटो आहे आणि पूर अडवण्याची व्यवस्था गरिबांच्या वस्तीपर्यंत का पोचली नाही हा प्रश्न सोबतच्या मजकुरात आहे. अपमान टाळायचा मार्ग माणसाला लपवणं हा नाही, त्याला संदर्भ देणं हा आहे. काही फोटो खरोखर खुले करू नयेत, विशेषतः ज्या समाजाचे ते आहेत तो समाज आजही हयात असून नको म्हणत असेल तर. पण तो निर्णय एकेका फोटोपुरता, कारण लिहून, त्या लोकांना विचारून व्हावा. सगळ्या कपाटालाच कुलूप लावून त्याला संवेदनशीलता म्हणणं मला पटत नाही.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात घाई करायला लावणारी एक नवी गोष्ट आली आहे. जुने फोटो यंत्राकडून रंगवून घेणं, धारदार करून घेणं, हलते करून घेणं आता एका बोटाचं काम झालं आहे. ओल्या काचेला निळा प्रकाश भराभर दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश कोरं पांढरं आणि लाल कापड काळं उमटतं. निळी साडी पांढरी वाटेल, लाल पागोटं काळं वाटेल. यंत्र त्या करड्या छटा बघून अंदाजाने रंग भरतं, आणि तो अंदाज विश्वासाने चुकतो. चेहरा पुसट असेल तर यंत्र नवा चेहरा काढून देतं, डोळे-नाक-ओठांसकट, जो कधी कुणाचा नव्हता. मी रंगवायला विरोध करत नाही. लोकांना त्यातून भूतकाळ जवळचा वाटतो, हे मी पाहिलं आहे. पण रंगवलेल्या फोटोशेजारी मूळ ठेवून तपासता आलं पाहिजे, आणि मूळ कुलपात असेल तर बनावटच उद्या मूळ होऊन बसणार.

मूळ कायमचं राहील अशी खात्रीही कुणी देऊ नये. दागेरचा तो बूट पुसणाऱ्या माणसाचा पत्रा पुढे इतका बिघडला की जगाला ते चित्र आज माहीत आहे ते आधी घेऊन ठेवलेल्या प्रतींमुळे. हुगळीकाठच्या कोलकात्यात बोर्न अँड शेफर्ड हा एकोणिसाव्या शतकापासूनचा स्टुडिओ होता. सॅम्युअल बोर्नने १८६०च्या दशकात बनारसच्या घाटांपासून हिमालयापर्यंत काढलेल्या फोटोंची ही परंपरा. १९९१ मध्ये तिथे आग लागली आणि संग्रहाचा मोठा भाग जळाला. २०१६ मध्ये स्टुडिओच बंद झाला. बोर्नचं काम वाचलं ते जगभर पसरलेल्या छापील प्रतींमुळे. जे एकाच ठिकाणी, एकाच काचेवर होतं, त्याची नीट यादीही आता करता येणार नाही.

ग्लासगोच्या त्या बोळांकडे परत येतो, कारण ते माझ्या मनातून जात नाहीत. अ‍ॅननच्या एका फोटोची ओळ आहे, ‘बोळ, क्रमांक ११८, हाय स्ट्रीट’. बस एवढीच. जागेचा पत्ता अचूक, माणसांबद्दल एक अक्षर नाही. भिंती दगडी स्पष्टतेने उमटल्या आहेत. वस्तीतल्या अशा फोटोंत बोळाच्या तोंडाशी पोरं असतात, आणि त्यांतल्या कुणी मान हलवली की चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग उरतो. स्कॉटलंडमध्ये एप्रिल १८७१ मध्ये जनगणना झाली. प्रत्येक रस्ता, प्रत्येक घर क्रमांक, आत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, जन्मगाव. ती नोंद आज कुणालाही बघता येते. फोटो आणि जनगणना यांच्यात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं, आणि अशा वस्तीत भाडेकरू सतत बदलत, त्यामुळे नेमक्या त्या पोराचं नाव सापडेलच असं नाही. पण त्या क्रमांकावर कुठली कुटुंबं राहत होती, किती माणसं एका खोलीत होती, बाप धक्क्यावर हमाल होता की गिरणीत, हे एका दुपारी बसून काढता येतं. फोटो मोठा करून, शेजारी नावांची यादी ठेवून, कुणीही.